सोन्या किती वेळ उभा होता

दाताच्या डॉक्टरांचा फोन आला की वहिनी, यंदा मेळाव्याच्या पुस्तिकेत मशीनवाल्यांवर तुम्ही लिहा. मी म्हटलं, अहो तुमचा ग्रुप, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही लिहा. तर म्हणाले, आम्ही त्यांना वर्षातून एकदा भेटायचो, तुम्ही त्यांना रोज सकाळी चहा देत होतात. ते खरं आहे. तेहतीस वर्षं दिला. आधी अडीच चमचे साखर घालून, शेवटी शेवटी बिनसाखरेचा, आणि तो बिनसाखरेचा पिताना ते माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच साखर चोरली.

जे ग्रुपमध्ये नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी सांगते. तुम्ही ज्यांना मशीनवाले म्हणता ते माझे धाकटे दीर. मी भाऊजी म्हणायची. शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सकाळी कपड्यांच्या कारखान्यात, तिथे एकशेचाळीस मशीन होत्या त्यांच्याकडे, आणि संध्याकाळी घरोघरी. लग्न केलं नाही. आमच्याबरोबर राहिले, मागच्या खोलीत. त्या खोलीत एक पलंग, खिडकीशी एक टेबल, एक बुटकं स्टूल, आणि भिंतभर काचेचं कपाट. कपाटात तुमचे ते रोबोट. गाडीचा रोबोट होतो, विमानाचा होतो, टेपरेकॉर्डरचा होतो, सगळे. दोनशे सोळा. मी त्यांना मंडळी म्हणायची. फडकं मारायला गेले की विचारायची, काय मंडळी, जेवलात का. भाऊजी पलंगावरून म्हणायचे, वहिनी, त्यांना डिझेल लागतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि त्यांच्याकडे एकच होता, निळा ट्रक. टीव्हीवर दर रविवारी सकाळी ते कार्टून लागायचं. मला वाटलं नवीन सून बघून लाजतायत म्हणून टीव्हीकडे तोंड करून बसलेत. नंतर कळलं की लाजबिज काही नाही, त्यांना मी आलेलीच कळलेली नव्हती.

एकदा मी विचारलं, यात एवढं काय आहे हो. तर त्यांनी तो निळा ट्रक माझ्या हातात दिला, म्हणाले, यात स्क्रू शोधा. मी उलटा पालटा करून बघितला, बाहेरून एक स्क्रू दिसेना. मग त्यांनी तो उघडला. दार गेलं पाठीत, चाकं गेली पायात, डोकं आलं वर. म्हणाले, वहिनी, कुणीतरी एका टेबलावर बसून एवढं सगळं आधी मनात उघडून मिटून बघितलं असेल, त्या माणसाला मला नमस्कार करायचाय. मी कपडे शिवते. एका कापडातून बाही कशी निघते, कॉलर कशी उलटते, ते मला कळतं. म्हणून त्या दिवशी मला थोडं कळलं. पण मी तसं दाखवलं नाही, म्हटलं बरं, आता जेवायला चला.

त्यांची कामाची एक पद्धत होती. कारखान्यातून आले की आधी हात धुवायचे, साबणाने दोनदा, नखातलं तेल काढायचे. मग स्टुलावर बसून मांडीवर पांढरा रुमाल पसरायचे, म्हणजे काही निसटलं तर रुमालात पडेल. मगच कपाट उघडायचे. आणि एक गोष्ट ते मशीन दुरुस्त करताना पण म्हणायचे आणि रोबोट उघडताना पण. जोर लागला म्हणजे आपण चुकलो. मशीनचं चाक फिरत नसेल तर ओढायचं नाही, थांबायचं, बघायचं कुठे अडलंय. कारखान्यातल्या सगळ्या बायकांना त्यांनी हे शिकवलं होतं. मला पण. मला शिकवलं होतं आणि मी काय केलं ते पुढे येतंय.

नेलपॉलिशचं सांगायलाच पाहिजे, ते माझ्या सासूबाई असताना झालं. भाऊजींच्या खिशातून कपडे धुताना नेलपॉलिशची बाटली निघाली. बिनरंगाची. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढून नेलं, डोळ्यांत पाणी, म्हणाल्या, आलं गं, आलं एकदाचं कुणीतरी त्याच्या आयुष्यात. आठवडाभर घरात आनंदीआनंद. पोरगी साधी असेल, रंग लावत नाही, असं पण ठरलं. आमचे हे म्हणाले, विचारू नका, त्याला सांगू दे. दुसऱ्या महिन्यात दुसरी बाटली. मग सासूबाईंना राहवेना, त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या की आज नावच विचारते. तर भाऊजी स्टुलावर बसून एका रोबोटच्या खांद्याच्या गोटीला नेलपॉलिश लावतायत. सांधा ढिला झाला की पातळ थर द्यायचा, वाळला की सांधा घट्ट बसतो. तुम्हाला हे सगळ्यांना माहीत आहे, तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे रोबोट त्यांनी असेच उभे केलेत. सासूबाई आल्या तशा परत फिरल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, माझी सून प्लॅस्टिकची निघाली.

आता सोन्याचं सांगते.

सोन्या म्हणजे ती सोनेरी क्रेन. कार्टूनमध्ये तो फार कमी वेळा यायचा, पाच सात भागांत असेल. भाऊजींना सगळ्यात तो आवडायचा. म्हणायचे, बाकीचे सगळे बंदुका चालवतात, हा एकटा असा आहे की कुणाला मारत नाही, पडलेल्यांना उचलतो. एका खेळण्यांच्या दुकानदाराच्या बायकोची मशीन दुरुस्त करायला गेले होते, दुकान कायमचं बंद होत होतं, तर माळ्यावर त्यांना हा खोका दिसला. न उघडलेला. मजुरी नको, तो द्या, म्हणाले. घरी आले तेव्हा खोका शर्टाच्या आत धरलेला होता.

आणि मग त्यांनी तो उघडलाच नाही. खोका उघडला, पण क्रेनचा रोबोट केला नाही. कारण ते सोनेरी प्लॅस्टिक. चमक यावी म्हणून त्यात काहीतरी पूड घातलेली असते, वर्षं गेली की ते आतून बिस्किटासारखं होतं आणि हलवलं की फुटतं. ग्रुपमधल्या आणखी चार जणांकडे सोन्या होता, चौघांनी उघडला, चौघांचा तुटला. फक्त भाऊजींचा शाबूत राहिला, क्रेन म्हणून. बावीस वर्षं मिटलेला. ते फक्त त्याच्याबरोबर आलेला कागद काढून बघत बसायचे, ज्यावर कसा उघडायचा त्याची चित्रं असतात. चोवीस चित्रं. बोट ठेवून ठेवून बघायचे, परत घडी घालायचे.

विसाव्या मेळाव्यात तुम्ही लोकांनी फार पिच्छा पुरवला तेव्हा ते बोलून गेले की पंचविसाव्याला उघडीन, सगळ्यांसमोर, तुटला तर तुमच्यासमोर तुटेल. तेव्हापासून त्यांनी दिवस मोजले. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. कारखान्यात दहाला येतो म्हटलं की दहाला.

पंचविसाव्या मेळाव्याला दीड महिना राहिला आणि त्यांना हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलमध्ये काचेच्या पलीकडे ठेवलं. आत एकेकालाच सोडायचे. मी गेले तर नळ्या लावलेल्या, ओठ सुकलेले, आणि विचारलं काय, तर सोन्या बरा आहे ना. मी म्हटलं तो बरा आहे, तुम्ही बरे व्हा. बाहेर आले तर डॉक्टर आमच्या यांना सांगत होते की अजून दोन दिवस काही सांगता येत नाही.

मी घरी आले. डोक्यात एकच घुसलं. बावीस वर्षं वाट बघितलेली गोष्ट बघायची राहून हा माणूस जाणार. मला माहीत होतं ते नाजूक आहे. पण मला वाटलं, मी रेशमावर काम करते, माझी बोटं भाऊजींच्या बोटांपेक्षा हलकी आहेत. मी हळू उघडीन, उभा करीन, मोबाईलवर फोटो काढीन आणि उद्या त्यांना दाखवीन. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर डॉक्टरांनी, दाताच्या म्हणते मी, फोनमधून हात घालून माझा हात धरला असता.

हात धुतले, दोनदा. त्यांच्या स्टुलावर बसले, मांडीवर रुमाल पसरला. कागद समोर ठेवला. अक्षरं परकी होती पण अक्षरांची गरजच नव्हती, चित्रं बघून करायचं, शिवणाचा नमुना असतो तसं. आधी पाय बाहेर ओढले. मग हात. क्रेनचा लांब दांडा खांद्यावरून मागे. एकेक करत मी गेले आणि खरं सांगते, मला मजा येत होती. रडत होते आणि मजा येत होती. सतरा चित्रं झाली. अठरावं कागदाच्या घडीवर होतं. आणि घडी इतकी झिजलेली की त्या चित्राच्या जागी नुसती पांढरी रेघ, कागदाचा कापूस झालेला. भाऊजींनीच बघून बघून झिजवलेलं. त्यांना चित्र पाठ होतं, त्यांना ते गेलेलं कळलंही नसेल.

मी ते सोडून पुढच्यावर गेले. शेवटी बघते तर छाती एकीकडे आणि पावलं दुसरीकडे. मी म्हटलं चेहरा पावलांच्या बाजूला पाहिजे, म्हणून डोकं फिरवलं. आणि त्याला टेबलावर ठेवला.

तो उभा राहिला.

मी सांगते कसा दिसत होता, कारण मलाच सांगता येईल. वीतभर उंच. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्याच्यावर पडल्यावर ते सोनेरी पिवळं नव्हतं दिसत, मधासारखं दिसत होतं, आत काहीतरी फिरतंय असं. चेहरा चांदीचा, लहान, आणि रागावलेला नाही. बाकीच्या मंडळींचे चेहरे रागावलेले असतात. याचा, कुणीतरी हाक मारली आणि याने वर बघितलं, असा होता. फक्त एक, त्याच्या दांड्याचा हूक पुढे लोंबत होता, सोंडेसारखा. मला हसू आलं. गॅसवर दूध ठेवलेलं होतं ते उतू जाईल म्हणून मी उठले, गॅस बंद करून आले, तोपर्यंत तो उभाच. मग मी खोक्यावरचं चित्र बघितलं तर त्यात हूक मागे. म्हटलं असा उलटा फोटो कसा दाखवायचा, आधी नीट करू. कंबर फिरवायला लागले. ती अडली. जोर लागला. जोर लागला तरी मी लावला.

आवाज फार झाला नाही. पापड मोडल्यासारखा. रुमालात सात तुकडे आणि माझ्या हाताला सोनेरी पूड.

मी फोटो काढला नव्हता.

आमचे हे संध्याकाळी आले, बघितलं. मग म्हणाले, सांगू की मांजर शिरलं होतं. मी म्हटलं मांजर चित्रं बघून कंबर फिरवतं का. मग म्हणाले फेव्हिकॉलने चिकटवू, मिटून ठेवू, आत्ता नको सांगायला, त्याचं काळीज सोसणार नाही. हे मला पटलं. तुकडे मी बटणांच्या डब्यात ठेवले आणि कपाटात सोन्याच्या जागी त्याचा रिकामा खोका उभा केला.

भाऊजी वाचले. अकरा दिवसांनी घरी आले. भिंत धरून चालत होते. मी म्हटलं पलंगावर पडा, तर पडले नाहीत, आधी कपाटाकडे गेले आणि खोक्याकडे बघत उभे राहिले. बावीस वर्षं तो खोका सोन्याच्या मागे असायचा, कधी काचेच्या एवढा जवळ नव्हता, त्यांना लगेच कळलं. माझ्याकडे वळले. मी तयारी केलेली होती काय बोलायचं त्याची, ती सगळी गेली. मी जाऊन बटणांचा डबा आणला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "मी उघडला. जोर लागला होता, तरी लावला."

ते स्टुलावर बसले. झाकण काढलं. एक तुकडा उचलला, उजेडात धरला, परत ठेवला. हे दारात उभे, हातात गोळीची पट्टी घेऊन. मला वाटलं आता छातीला हात लावतायत की काय.

भाऊजींनी विचारलं, "उभा राहिला होता का?"

मी म्हटलं, राहिला होता.

"किती वेळ?"

म्हटलं, दूध उतू जायला आलं होतं, मी गॅस बंद करून आले, तेवढा.

त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि म्हणाले, वहिनी, बसा. सगळं सांगा. पहिल्यापासून.

मी सांगितलं. तर त्यांना ते पुरलंच नाही. दुसऱ्या दिवशी परत. पाय बाहेर आले तेव्हा आवाज कसा झाला. मी म्हटलं, कट्. म्हणाले, दोन्ही पायांचा सारखा? मी म्हटलं नाही, डाव्याचा जरा बसका. हे ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की काय सांगू. फोटो तर त्यांनी पुष्कळ बघितले होते, पण आवाज काही फोटोत येत नाही. रोज संध्याकाळी चालून आले की मला बसवायचे. खांदा कसा फिरला. चेहरा वर येताना एकदम आला की हळू. मी कंटाळून एकदा म्हटलं, भाऊजी, पोलिससुद्धा एवढं विचारत नाहीत. तर म्हणाले, पोलिसांना गुन्हेगार पाहिजे असतो, मला साक्षीदार पाहिजे. एका शब्दाने ते मला रागावले नाहीत, तेव्हा नाही, नंतर नाही, टोमणासुद्धा नाही. मी रागावले असते. माझी कात्री कुणी कागदाला लावली तरी मी दोन दिवस बोलत नाही.

पण मेळावा जवळ आला तसे ते गप्प झाले. शब्द दिला होता ना. पंचविसाव्याला उघडीन. मी म्हटलं मी येते आणि सगळ्यांसमोर सांगते की माझ्यामुळे झालं. ते नको म्हणाले. आदल्या दिवशी स्वतःच म्हणाले, वहिनी, तुम्ही चलाच.

त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा आले ते तेव्हा. टेबलांवर चादरी, चादरींवर हजार मंडळी. मधलं टेबल भाऊजींचं, भोवती तुम्ही सगळे गोल करून, मोबाईल वर धरून. भाऊजींनी रुमाल पसरला आणि बटणांचा डबा उघडून सात तुकडे ओळीने मांडले. एक बाई, शाळेत शिकवतात त्या, त्यांनी तोंडावर हात घेतला.

भाऊजी म्हणाले, मी शब्द दिला होता की सोन्या उघडेल. तो उघडलाय. मी बघितला नाही, यांनी बघितलाय. सांगा वहिनी.

महिनाभर रोज उलटतपासणी झालेली, मला सगळं पाठ. मी सांगायला लागले. कट् करून दाखवलं, डावा बसका ते पण दाखवलं. मधासारखा रंग सांगितला. फोटो काढला नाही म्हटल्यावर मात्र सगळा हॉल असा विव्हळला की जणू सगळ्यांच्याच दाढा एकदम काढल्या. मग मी हूक पुढे लोंबत होता ते सांगितलं, तर दाताचे डॉक्टर पुढे आले. म्हणाले, थांबा, हूक पुढे कसा? मी म्हटलं अठरावं चित्र झिजलेलं होतं. म्हणाले, म्हणजे तुम्ही कंबर फिरवलीच नाही, तसाच उभा केला? मी म्हटलं हो, डोकं फिरवलं. मागून कुणीतरी हसलं की वहिनींनी सोन्याला उलटा उभा केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर हसत नव्हते. त्यांनी तुकडे बघितले, मग भाऊजींकडे बघितलं. भाऊजी पण तुकड्यांकडेच बघत होते, आणि मी त्यांना मशीनसमोर बसलेलं बघितलंय, कुठे अडलंय ते सापडलं की ते भुवई खाजवतात. तसे खाजवत होते. डॉक्टर म्हणाले, माझा कंबर फिरवतानाच तुटला. आपले बसवाले आहेत ना, त्यांचा पण. चौघांचे तिथेच तुटले, उभा राहायच्या आधीच.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे चित्र शाबूत असतं तर हासुद्धा उभा राहिला नसता."

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये सोन्या फक्त तुमच्यासमोर उभा राहिला."

तुम्ही लोकांनी टाळ्या वाजवल्या ते मला आठवतं, पण मी तेव्हा भाऊजींकडे बघत होते. शब्द पाळलेल्या माणसासारखे बसले होते, मांडीवर हात ठेवून. घरी येताना रिक्षात म्हणाले, परत एकदा सांगा, हूक डुलत होता का स्थिर होता. मी म्हटलं डुलत होता, जरासा.

त्यानंतर सात महिने होते ते. कारखान्यात परत जायला लागले होते, अर्धा दिवस. तिथेच गेले, एका मशीनचं झाकण उघडून ठेवलं आणि खुर्चीत बसले, तिथल्या मुलींना वाटलं विचार करतायत. त्या दिवशी एकशेचाळीस मशीन बंद ठेवल्या त्या मुलींनी. मालकाचे वडील गेले तेव्हासुद्धा कारखाना ठेवला नव्हता एवढा वेळ बंद.

त्यांच्या खोलीत मी महिनाभर गेले नाही. गेले तेव्हा मंडळींना काही विचारायला तोंड उघडेना. खोका खाली घेतला, आत तो कागद होता. उलगडला तर घडीवरची जागा त्यांनी मागून पातळ कागद लावून नीट केलेली, आणि अठराव्या चित्राच्या जागी पेन्सिलीने चित्र काढलेलं. मला वाटलं गेलेलं चित्र परत काढलं असेल. तसं नव्हतं. कंबर तशीच ठेवलेली, डोकं फिरवलेलं, आणि पुढे हूक. हुकाच्या दोन बाजूंना छोट्या दोन रेघा, डुलतोय असं दाखवायला.

तुम्ही विचारलंत यंदा मधल्या टेबलावर काय ठेवायचं. मी तो कागद घेऊन येते आणि बटणांचा डबा पण. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना परत सांगीन कसा उभा होता. डाव्या पायाचा आवाज बसका होता हे विसरायचं नाही, ते त्यांना फार आवडलं होतं.